मदत हवी आहे: विहिरीत सहा फूट पाणी आहे, मोटर फिरतेय, पण वर थेंब येत नाही

नमस्कार मंडळी. प्रश्न घरच्या विहिरीचा आहे आणि जरा तातडीचा आहे. गाव गुहागर तालुक्यात, घरी आई एकटीच असते. मी पुण्याहून परवा रात्री आलो तर ती पोहऱ्याने पाणी काढून गुरांना पाजत होती. चार दिवस पंप बंद आहे हे तिने फोनवर सांगितलंच नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून तिला जमिनीवर बसता येत नाही, आणि अठ्ठावीस फुटांवरून कळशा ओढत होती. आगरात चाळीस पोफळी आहेत, त्यांचं शिंपणही थांबलंय.

विहीर जांभ्यात खोदलेली, व्यास दहा फूट, खोली चौतीस फूट. काल दोरीला नट बांधून मोजलं, तळात सहा फूट पाणी आहे. म्हणजे विहीर आटलेली नाही. पंप एक हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात), काठावरच्या ओट्यावर बसवलेला, खाली सव्वा इंची काळा पाइप आणि टोकाला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपातलं पाणी परत विहिरीत जाऊ न देणारी झडप.

एप्रिलभर व्यवस्थित चालला. मेच्या पहिल्या आठवड्यात धार बारीक झाली, मधेमधे हवा फुसफुसायची. आता वरून पाणी भरून मोटर सुरू केली की भरलेलं तेवढं एका घोटात बाहेर फेकते आणि पुढे नुसती कोरडी घरघर. मोटर गरम होते म्हणून लगेच बंद करतो.

आत्तापर्यंत केलेलं: व्होल्टेज तपासलं, दुपारी २१५, संध्याकाळी १८० च्या आसपास उतरतं, पण दुपारीही तोच प्रकार. कॅपॅसिटर बदलला. वरच्या जॉइंटना ग्रीस थापून पाहिलं, फरक नाही. मेकॅनिक म्हणाले, मोटर कमी पडतेय, दीड हॉर्सपॉवरची घ्या. नऊ-दहा हजार घालायला हरकत नाही, पण गेल्या वर्षी याच मोटरने अख्खा मे काढला होता, मग आत्ताच ती कमी कशी पडली?

एक गोष्ट राहिली. पूर्वी पंप काठावर नव्हता, विहिरीत आठ फुटांवर चिऱ्यांचा टप्पा आहे तिथे होता. गेल्या जुलैत पाणी चढून तो बुडाला, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळलं. रिवाइंड करून आणल्यावर काकांनी तो वर ओट्यावर बसवून घेतला, तो तिथेच आहे. रिवाइंडिंगमध्ये काही चुकलं असेल का?

जाणकारांनी कृपया सांगा, नवी मोटर घेण्याआधी आणखी काय तपासू?

दुसऱ्या दिवशीची भर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन प्रतिसाद अगदी वर्मावर होते.

पहिला, फूटव्हॉल्व्हचा. सांगितल्याप्रमाणे पाइप काठोकाठ भरून मोटर न लावता तसाच ठेवला. दहा मिनिटांत पाणी वीतभर खाली. चुलतभावाला बोलावून पाइप वर ओढला. फूटव्हॉल्व्हच्या झडपेखाली पोफळीच्या झावळीचा करंगळीएवढा तुकडा आडवा अडकला होता आणि रबराला एका बाजूने चीर पडली होती. नवा फूटव्हॉल्व्ह ३५० रुपयांना आला. पुन्हा भरून ठेवलं, अर्ध्या तासात पाणी जराही हललं नाही. वाटलं, झालं काम. मोटर लावली, तीच कोरडी घरघर.

मग दुसरा प्रतिसाद, ज्यात विचारलं होतं की पंप आणि पाणी यांत उभं अंतर किती. विहिरीची खोली मोजली, पाणी मोजलं, हे अंतर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाणी काठापासून अठ्ठावीस फूट, ओटा एक फूट, म्हणजे एकोणतीस. काठावरचा पंप पाणी ओढत नाही, तो पाइपात पोकळी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब त्याला वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीलाही फार तर ३४ फूट पाणी पेलतो. घर्षण, वळणं धरली की प्रत्यक्षात २४-२५ फुटांपुढे पंप हात टेकतो, मग मोटर एकची असो की पाचची. मोटर कधी कमी पडलीच नव्हती. टप्प्यावर असताना हेच अंतर वीस फूट होतं, म्हणून गेला मे निघाला. काकांनी पंप जपायला वर घेतला, त्यात त्यांची चूक म्हणवत नाही.

आज सकाळी मेन स्विच काढून, दोर बांधून दोघांनी पंप टप्प्यावर उतरवला. आत उतरण्याआधी कंदील सोडून हवा पाहिली, आणि अर्थिंगची वायर नवी टाकली. पावणेअकराला मोटर लावली, आधी गढूळ, मग जाड धार. आई टाकीला हात लावून उभी होती, पाण्याचा आवाज ऐकत. हजार लिटरची टाकी भरल्यावर पातळी साधारण साडेपाच इंच उतरली, दोन तासांत परत खुणेला आली. झरा चांगला आहे, याचं फार समाधान वाटलं.

आता खरा प्रश्न. पावसाळ्यात विहीर काठापर्यंत भरते, तेव्हा पंप पुन्हा वर घ्यावा लागणार आणि मार्चमध्ये पुन्हा खाली. आईच्या भरवशावर हे होणारं नाही. म्हणून पाण्यातच राहणारा ओपनवेल सबमर्सिबल घ्यावा असं मनात आहे. ज्यांच्या जांभ्याच्या विहिरीत तो आहे त्यांनी सांगा: पावसाळ्यात डोक्यावर पंचवीस-तीस फूट पाणी असताना बारा महिने आत ठेवता का? तळापासून किती वर टांगता, कारण आमच्याकडे खाली हातभर पांढरट गाळ आहे? १८० व्होल्टवर उचलतो का? आणि पाणी कमी झाल्यावर आपोआप बंद होण्यासाठी फ्लोट स्विच बसवलाय का कुणी?

मी रविवारी पुण्याला परततो. त्याआधी कळलं तर चिपळूणहून पंप आणून बसवूनच जाईन.