ढासळता काठ सावरणारं शिल्प: पुढे दिसेनासं झालं तर चालेल का?
(ओढाकाठ, दगडधोंडा आणि मोजपट्टी या टोपणनावांच्या तिघांची चर्चा)

ओढाकाठ
तळ्याकाठी सिमेंटचा बगळा बसवला की निसर्गाशी नातं जुळलं, हे मला मान्य नाही. कलाकृतीने जागेचं काहीतरी दुरुस्त करायला हवं. ओढ्याच्या ढासळत्या काठावर जिवंत फांद्यांचा नागमोडी कूड, म्हणजे विणलेली भिंत, उभारावा आणि वाढू द्यावा. दोन-तीन वर्षांत त्याचा झाडोरा होऊन आकार हरवला तरी हरकत नाही.

वाळुंज किंवा निर्गुडीच्या २ ते ४ सेंमी जाड, ६० ते ९० सेंमी लांब खुंट्या नवी पालवी फुटायच्या आधी तोडा. बुडखा तिरका कापा, शेंडा सपाट, म्हणजे उलटी खुंटी लागत नाही. दिवसभर पाण्यात ठेवा. आधी पहारीने भोक पाडा. थेट ठोकली तर साल सोलवटते. दोन तृतीयांश लांबी जमिनीत हवी आणि भोवतीची माती भिजवून घट्ट दाबायला हवी. आत पोकळी राहिली तर खुंटी स्वतःतल्या ओलीवर पालवते, आपण खूश होतो आणि थोड्याच दिवसांत ती वाळते. मूळ धरलेलंच नसतं. खुंट्यांमधून बारीक फांद्या विणून मागे माती भरा. कुडाची दोन्ही टोकं काठात वळवून पुरा, नाहीतर पाणी मागून शिरतं आणि पहिल्याच पुरात सगळं उखडतं.

दगडधोंडा
कृती बरोबर, निष्कर्ष चूक. आकार हरवला की येणाऱ्याला फक्त झुडपं दिसतात. मग बांधबंदिस्ती आणि कला यांत फरक काय राहिला? जर्मन कलाकार जोसेफ बॉइस यांनी १९८२ साली जर्मनीतल्या कासेलमध्ये ७००० ओकची झाडं लावायला घेतली, तेव्हा प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक उभा दगड रोवायचं ठरवलं. रोप दगडापेक्षा किरकोळ होतं, आज झाड दगडाच्या कितीतरी वर गेलंय. दगड तेवढाच राहतो म्हणून झाडाची वाढ डोळ्यांना कळते. तुमच्या कुडात असं न बदलणारं काहीच नाही.

शिवाय लोक शिल्प बघायला थेट काठावर येणार. पायांनी माती दबली की पाणी मुरत नाही, वरून वाहतं आणि नवी घळ पडते.

मोजपट्टी
दोघेही दिसण्यावर भांडताय. काठ सावरला हे ठरवणार कशावरून? काम सुरू करण्याआधी ६० सेंमीच्या लोखंडी सळ्या काठात आडव्या ठोका, ५ सेंमी बाहेर ठेवा, प्रत्येक पुरानंतर मोजा. बाहेरची लांबी वाढली तर माती गेली, कमी झाली तर गाळ बसला. शेजारच्या कूड नसलेल्या पट्ट्यातही तेवढ्याच सळ्या हव्यात, नाहीतर तुलना कशाशी?

अमेरिकन कलाकार मेल चिन यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल इथल्या कचराभूमीवर जड धातू शोषणाऱ्या वनस्पती लावल्या. चौकोनात वर्तुळ अशी नेटकी रचना होती, पण त्या वनस्पतींनी कॅडमियम हा विषारी धातू किती उचलला हेही वैज्ञानिकासोबत तपासलं गेलं. असल्या कामात पीक कापून बाहेर न्यावंच लागतं. पानं तिथेच गळली की धातू परत मातीत.

ओढाकाठ
सळ्यांचं मान्य. तुडवण्यावर उपाय आहे: काठाच्या कडेपासून दोन-तीन मीटर मागे सपाट दगडांची एकच पायवाट, आणि कूड तिथून दिसेल इतका उतार मोकळा. न बदलणाऱ्या दगडाचं मात्र पटत नाही. ओढ्याचा काठ स्वतःच सरकतो. पात्राजवळ उभा दगड रोवला की पूर त्याच्याभोवती भोवरा करतो आणि बुडाशी खड्डा पडतो.

दगडधोंडा
मग दगड पात्राजवळ नको, त्या पायवाटेवर रोवा. पहिल्या वर्षीच्या कुडाची उंची त्यावर खाचेने कोरा. पूर तिथवर सहसा येणार नाही आणि झाडोरा किती वर गेला ते उभ्या उभ्या दिसेल. एवढंही नको असेल तर त्याला काठदुरुस्ती म्हणा, शिल्प नको.