२२ लाखांत जुनी लक्झरी एसयूव्ही: कोणत्या सालाची घ्यावी?

रंकाळा_संध्याकाळ, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. जुनी लक्झरी एसयूव्ही घ्यायची आहे. बजेट २२ लाख, ताणून २४. कोल्हापूर-पुणे सतत जाणं-येणं असतं. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, सेडानमध्ये खाली वाकून बसणं त्यांना जमत नाही. एवढ्या पैशांत नवी क्रेटा येते हे माहीत आहे. पण बाबांनी जन्मभर एसटीनेच प्रवास केला. त्यांना एकदा तरी खरोखर चांगल्या गाडीत बसवायचं हे माझ्या मनात फार दिवसांपासून आहे.

चार गाड्या नजरेत आहेत: २०१३ ची बीएमडब्ल्यू एक्स-थ्री २०डी, २०१६ ची तीच, २०१७ ची लँड रोव्हर डिस्कव्हरी स्पोर्ट आणि २०१६ ची ऑडी क्यू-फाइव्ह डिझेल. ऑडी दिल्ली पासिंगची आहे आणि बरीच स्वस्त आहे. एजंट म्हणतो, "साहेब, साल बघू नका, किलोमीटर बघा." हे खरं का? कोणत्या सालापासून पुढची गाडी निर्धास्त घ्यावी?

पाना_तेरा_चौदा, पिंपरी

भाऊ, एजंटाचं ऐकू नका. किलोमीटर बघायचेच, पण आधी साल. आणि साल म्हणजे पासिंगची तारीख नव्हे. बोनेटखाली कोणतं इंजिन आहे आणि कंपनीने ते कधी बदललं, ते साल. मी पिंपरीत मल्टिब्रँड गॅरेज चालवतो, अशा गाड्या रोज लिफ्टवर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या दोन्ही एक्स-थ्री दिसायला जवळपास सारख्या आहेत, पण आतून वेगळ्या. २०१३ च्या गाडीत एन४७ इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) पुढच्या बाजूला नाही, मागे गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. इतर गाड्यांत पुढचं कव्हर उघडून चेन बदलता येते. इथे इंजिन-गिअरबॉक्स सोडवल्याशिवाय हात पोहोचत नाही. चेन महाग नाही, तिथपर्यंत जायची मजुरी महाग. आणि चालत्या गाडीत तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, इंजिन संपलं. सगळ्यात जास्त तक्रारी २०११ पर्यंतच्या इंजिनांच्या होत्या. पुढे सुधारणा झाली, पण तक्रारी पूर्ण थांबल्या नाहीत. चेन बदलल्याचं बिल दाखवत नसतील तर २०१३ ची गाडी मी घरच्या माणसाला घेऊ देणार नाही.

२०१४ मध्ये एक्स-थ्रीचं फेसलिफ्ट (त्याच पिढीची सुधारलेली गाडी) आलं आणि २०डीमध्ये बी४७ इंजिन बसलं. चेन याचीही मागेच आहे, पण ती कटकट खूप कमी झाली. दोन्ही इंजिनं १९९५ सीसीची, त्यामुळे आरसीवरच्या सीसीवरून काही कळत नाही. ताकद विचारा: १८४ एचपी म्हणजे एन४७, १९० एचपी म्हणजे बी४७. बाजारात २०१४ ची म्हणून दोन्ही उभ्या असतात, तिथे माणूस हमखास फसतो.

बी४७ घेतानाही एक गोष्ट तपासा. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या. ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) कूलंट गळत होतं. कंपनीने मग जगभरात सुमारे १६ लाख गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. चार सिलिंडरच्या डिझेलमध्ये ही भानगड मुख्यतः २०१५ च्या एप्रिलपासून २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत बनलेल्या गाड्यांची. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर द्या, काही काम बाकी आहे का ते सांगतील.

डिस्कव्हरी स्पोर्ट बसायला सुंदर आहे, पण २०१७ च्या गाडीत बहुधा २.० इंजेनियम डिझेल असणार. या इंजिनात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जादा डिझेल सिलिंडरमध्ये सोडलं जातं, ते झिरपून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ झालं की चेन आणि टर्बो दोन्ही झिजतात. हायवेवर चालणाऱ्याला हा त्रास कमी होतो हे खरं, पण आधीच्या मालकाने गाडी कुठे चालवली ते तुम्हाला कुठे माहीत? सुरुवातीच्या २.२ लिटरच्या गाड्यांत हे इंजिन नव्हतं, पण त्या आता बऱ्याच जुन्या झाल्या. मी असतो तर हिचा नाद सोडला असता.

ऑडीत इंजिनाआधी गिअरबॉक्स बघा. सात गिअरच्या ड्युअल क्लचचं ऑइल ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं, आणि खूप जण ते टाळतात. मग मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं कंट्रोल युनिट, जातं. ऑइल बदलल्याचं बिल नसेल तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

माझा नियम साधा आहे. कोणत्याही पिढीचं पहिलं वर्ष टाळा, शेवटची दोन वर्षं घ्या. तोवर कंपनीला गाडीतल्या चुका कळलेल्या असतात. एक्स-थ्रीची पुढची पिढी भारतात एप्रिल २०१८ मध्ये आली, म्हणजे जुन्या पिढीतल्या २०१६ आणि २०१७ च्या गाड्या तुमच्या कामाच्या.

मृणाल_धरमपेठ, नागपूर

दादांनी साल नीट सांगितलं. मी वापराबद्दल लिहिते. आमच्याकडे एक जर्मन डिझेल एसयूव्ही होती, कंपनीचं नाव नको. साल चांगलं, इंजिन चांगलं, पण माझं चालवणं घर, शाळा, हॉस्पिटल एवढंच. इंजिन पूर्ण तापायच्या आत गाडी बंद. डीपीएफचा दिवा सतत लागायचा, ऑइलची पातळी वर चढायची. शेवटी विकली. रंकाळाजी, तुमचा हायवेचा वापर आहे म्हणून डिझेल तुम्हाला चालेल. पण आठवडाभर ती फक्त राजारामपुरी ते शाहूपुरी फिरणार असेल तर फेरविचार करा.

मर्सिडीज जीएलसीही बघा. २२०डीमध्ये २०१९ च्या शेवटी फेसलिफ्टबरोबर नवं ओएम६५४ इंजिन आलं, १९४ एचपीचं. ती तुमच्या बजेटच्या वर जाईल बहुधा, पण १७० एचपीची आधीची गाडी आणि ही गाडी एक नव्हेत हे लक्षात असू द्या. पेट्रोलचा विचार केलात तर इंधनाच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. जुन्या बऱ्याच गाड्या ई१० (१० टक्के इथेनॉल) पर्यंतच्याच आहेत आणि पंपावर आता ई२० मिळतं.

रंकाळा_संध्याकाळ, कोल्हापूर

दोघांचे मनापासून आभार. २०१३ ची आणि डिस्कव्हरी बाद केली. पण ती दिल्लीची ऑडी खरंच स्वस्त आहे हो, आणि आतून नवीकोरी दिसते. काय करू?

वाशी_खाडीपूल, नवी मुंबई

दिल्लीच्या गाडीबद्दल मी सांगतो. ती स्वस्त का, ते आधी बघा. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. तेव्हापासून आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी तिथला मालक मिळेल त्या भावाला बाहेरच्या राज्यात काढत आला आहे, जरी २०२५ मध्ये कोर्टाने ही कारवाई सैल केली. म्हणून स्वस्त गाडी खराबच असेल असं नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी आणायची, इथे पुन्हा नोंदणी करायची आणि महाराष्ट्राचा वन टाइम टॅक्स गाडीच्या वयानुसार परत भरायचा. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा आपण अर्ज करून मागायचा. हे सगळं किमतीत धरा, मग फरक केवढा राहतो बघा.

दुसरं म्हणजे पाणी. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पातळीने २०८.६६ मीटरचा विक्रम केला आणि नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला गाळाचा डाग आहे का बघा. सीटखालचं कार्पेट उचला, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा. या गाड्यांत वायरिंग आणि कंट्रोल युनिटं जमिनीलगत असतात. पाणी लागलं की सहा महिन्यांनी एकेक दिवा पेटायला लागतो. आतून नवीकोरी दिसते म्हणालात, तर अपहोल्स्ट्री नवी का केली हेही विचारा.

पाना_तेरा_चौदा, पिंपरी

अगदी बरोबर. मग राहिली २०१६ ची एक्स-थ्री.

सकाळी जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर परत या. थंड इंजिन चालू करून १,५०० आरपीएमच्या आसपास धरा आणि केबिनच्या बाजूने येणारा आवाज ऐका. घासल्यासारखा, साखळी ओढल्यासारखा आवाज आला तर पुढे बोलणंच नको.

चारही टायर एकाच कंपनीचे, सारखे झिजलेले हवेत. एक्सड्राइव्हमध्ये, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये, टायरांच्या व्यासात फरक पडला की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) मरतो. हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. दोन नवे, दोन जुने टायर टाकून गाडी विकायला उभी करतात. रनफ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) महाग असतात, तेही धरून चाला.

आठ गिअरचा झेडएफ गिअरबॉक्स दणकट आहे. बीएमडब्ल्यू म्हणते त्याचं ऑइल आयुष्यभर चालतं. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. मी झेडएफचं ऐकतो. टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर घेऊ नका, खंबाटकी घाट चढवा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटका बसतो का, चढावर टर्बो शिट्टी मारतो का, तिथे कळेल. स्कॅनर लावून फक्त डॅशबोर्डचे नाही, इतर युनिटांतले किलोमीटरही वाचायला लावा.

आणि २२ च्या २२ लाख गाडीत घालू नका. १९ ची गाडी घ्या, तीन बाजूला ठेवा. पहिल्या वर्षात टायर, ब्रेक, सगळी ऑइलं, सस्पेन्शनचे बुश यांतलं काही ना काही निघणारच.

रंकाळा_संध्याकाळ, कोल्हापूर

ऑडी सोडली. एक्स-थ्रीच्या आरसीचा फोटो मागवला. पासिंग मार्च २०१६ चं आहे, पण गाडी बनली नोव्हेंबर २०१५ मध्ये. म्हणजे ईजीआर कूलरच्या काळातली. चॅसिस नंबर सर्व्हिस सेंटरला दिला आहे, उत्तर आलं की इथे टाकतो. गाडी साताऱ्यात आहे, रविवारी सकाळी बघायला जातोय, बाबांनाही बरोबर नेतो.

पाना_तेरा_चौदा, पिंपरी

बाबांना मागच्या सीटवर बसवून, उतरवून बघा. फूटबोर्ड लावावा लागेल का तेही तिथेच कळेल. सर्व्हिस हिस्टरीचा कागद हातात पडल्याशिवाय टोकन देऊ नका, विकणारा कितीही घाई करो. आणि ईजीआरचं काम बाकी निघालं तर ते झाल्यावरच गाडी ताब्यात घ्या.