थॅक्रा, थॅकरी की ठाकरे?

पाणपोई: एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात लीड्सचे डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅक्रा आहेत. गिरणीकामगार, शिंपी यांना कामापायी कोणते आजार जडतात यावर 1831 साली पुस्तक लिहिणारे. पुढे 1811 साली कलकत्त्यात जन्मलेला इंग्रज कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरीही येतो. मी 'थॅक्रा' आणि 'थॅकरी' लिहिलं. संपादक म्हणतात, दोन्हीकडे 'ठाकरे' करा, वाचकाच्या ओळखीचं आहे. मला पटत नाही. आणि या आडनावाचा मूळ अर्थ काय?

जुनी_पेठ: संपादकांचं बरोबर आहे. आपल्या लोकांनी एल्फिन्स्टनचं अलपिष्टन केलंच ना? परकं नाव जिभेवर बसलं की ते आपलं.

रानवारा: काका, अलपिष्टन जिभेने घडवलं. इथे एक नाव पुसून दुसरं आयतं चिकटवताय. प्रबोधनकारांनी 'ठाकरे'चं इंग्रजी स्पेलिंग त्या कादंबरीकारासारखं केलं, म्हणून दोन्ही आडनावांचं मूळ एक होत नाही.

लीड्सकर: ताई, हे आडनाव अस्सल यॉर्कशायरचं, म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या आमच्या लीड्सच्याच भागातलं. थॅक्रे, थॅक्रा, थॅकरी ही सगळी एकाच नावाची रूपं. मी सहा वर्षं लंडनमध्ये होतो, एकही थॅक्रे भेटला नाही. इथे लीड्सला आल्यावर पहिल्याच वर्षी दोन. शहरात त्या नावाचं वैद्यकीय संग्रहालयही आहे. मूळ थॅक्रे ही वॉशबर्न नदीच्या खोऱ्यातली ग्रेट टिंबलजवळची जागा. ती आता फ्यूस्टन तलावाखाली आहे. लीड्सला पाणी पुरवायला बांधलेल्या तलावांपैकी तो एक.

मुळाक्षर: अर्थ मी सांगतो. जुन्या नॉर्स भाषेत 'थाक' म्हणजे छपराचं गवत आणि 'व्रा' म्हणजे कोपरा. डॉक्रे या आडनावातही हाच 'व्रा'. या 'थाक'ची संस्कृतातली भावकी म्हणजे 'स्थग्', झाकणे. आपलं 'स्थगित' त्यातलंच, आणि 'ठग'ही त्याच धातूकडे नेतात.

जुनी_पेठ: स्थगित म्हणजे थांबवलेलं. छपराचा काय संबंध?

मुळाक्षर: संस्कृतात 'स्थगित' म्हणजे झाकलेलं. थांबवण्याचा अर्थ नंतर चिकटला. सभा स्थगित होते तेव्हा मला तरी तिच्यावर झाकण घातलेलं दिसतं.

रानवारा: सुरेख! मग थॅक्रे म्हणजे 'शाकारणीच्या गवताचा कोपरा'. आमच्या आजोळी वैशाख सरता सरता घर शाकारायचे. मामा वर, आम्ही खालून पेंढ्या फेकायचो. हात खाजून लाल व्हायचे. आजी त्या गवताला 'केंबळ' म्हणायची. पाणपोई, अर्थ देताना हाच शब्द घ्या.

चिपी: केंबळ म्हणजे छपरावरून काढलेलं जुनं, काळं पडलेलं गवत. नव्याला आमच्याकडे कोणी केंबळ म्हणत नाही. परसात त्याचा ढीग असायचा, पावसात वाफ यायची त्यातून.

रानवारा: मग 'केंबळी घर' कसं म्हणतात? ते काय कुजक्या गवताचं असतं?

चिपी: केंबळी म्हणजे गवती छपराचं, ते मान्य. पण नुसतं केंबळ म्हणजे जुनंच. माझी आई कोकणातच वाढली आहे, तिला आत्ता फोन करून विचारलं.

जुनी_पेठ: देशावर आम्ही पाचट म्हणतो, उसाचं. आणि कौलं शाकारत नाहीत, चाळतात.

चिपी: कौलांनाही शाकारणं म्हणतात हो आमच्याकडे.

पाणपोई: उद्या दुपारी मजकूर द्यायचाय. थॅक्रा ठेवू ना?

रानवारा: चिपी, आईंना हेही विचारा, नव्या गवताला मग काय म्हणायच्या?