मदत हवी आहे: जानेवारीत मुंबई ते पणजी शिडाच्या होडीने, निघायची तारीख कशी ठरवावी?

दर्याकाठ: होडी २६ फुटी, पाण्याखाली १.२ मीटर. १० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, वेग साधारण ५ नॉट (ताशी ५ सागरी मैल), माणसं तीन. रात्री चालवायची नाही. तारीख, थांबे, डिझेल आणि जाळी, या चारही बाबतींत माहिती हवी आहे.

खाडीमुख: तारीख तिथीवरून ठरवा, रविवार बघून नको. मुंबईत पूर्ण भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट धरतात: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा अंदाज झाला, नेमकी वेळ कोष्टकात बघा. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा असतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा चढतो. तीन-चारला तो जोरात असतो, आणि नेमके तेव्हाच तुम्ही खाडीच्या तोंडाशी पोचता. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, त्या वेळी ओहोटी चालू असते. पाणी बाहेर ओढतं, वारा आत ढकलतो, मग वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. बाणकोट, दाभोळ किंवा आग्वादजवळ मांडवीच्या तोंडाशी असं पाणी असेल तर आत शिरूच नका, बाहेर थांबा.

म्हणून षष्ठीला निघा. भरती साडेचारच्या सुमारास, म्हणजे चढत्या पाण्यावर आत आणि पहाटे ओहोटीबरोबर बाहेर. वेळ रोज पाऊण तास पुढे सरकते, पण दक्षिणेला भरती मुंबईच्या आधी लागते, त्यामुळे थोडी भरपाई होते. पक्ष वद्य घ्या. पहाटे पाचला निघताना चंद्र वर असतो, बोये दिसतात.

थांबे, सागरी मैलांत अंदाजे: राजपुरी खाडी ४०, हर्णै ३०, जयगड ३२, विजयदुर्ग ४८, मालवण ३२, पणजी ४२. हर्णैला होडी हलत राहते, झोप लागणार नाही. जयगडला पाणी खोल आहे, आडोसाही चांगला. विजयदुर्गचा टप्पा सगळ्यात लांब, त्यामुळे पाचच्या पुढे निघणं टाळा. या दिवसांत किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, म्हणून हिशेब साडेचार नॉटने करा.

पंखापाणी: डिझेल: २२४ मैलांना साडेचार नॉटने ५० तास. ताशी २ लिटर धरले तर १०० लिटर, वर एक तृतीयांश राखीव. शीड चाललं तर उरेल, उरू द्या. कॅनमधलं डिझेल जाळीच्या नरसाळ्यातूनच ओता. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ दुपारच्या लाटांनी ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं खाडीच्या तोंडाशी बंद पडतं. दोन फिल्टर, एक इम्पेलर (इंजिन थंड करणारं पाणी खेचणारी रबरी चकती), एक पट्टा जवळ ठेवा. मुंबई बंदरातून बाहेर पडेपर्यंत एक्झॉस्टमधून पाणी येतंय ना, हे बघत राहा. प्लॅस्टिक पिशवीने इंजिनात पाणी घेणारं तोंड बंद होतं.

मुंबई ते श्रीवर्धन डोलजाळी, म्हणजे प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेली जाळी, ओळीने असतात. दोन बोयांच्या मधून जाऊ नका, ओळीला वळसा घाला. पंख्यात दोर आलाच तर लगेच न्यूट्रल, इंजिन बंद, चावी काढून ठेवा, नांगर टाका. रिव्हर्स मारून सोडवायला गेलात तर दोर आणखी आवळतो आणि शाफ्टच्या सीलमधून पाणी आत येऊ शकतं. दातेरी सुरी आणि पाण्यातला चष्मा हाताशी हवा. जवळ नाखवा असेल तर आधी त्याला हाक मारा. जाळं त्याच्या पोटाचं आहे, दिसेल तिथे कापू नका.

दर्याकाठ: खूप आभार. षष्ठीचं पटलं. मालवणात नांगर कुठे टाकावा?

खाडीमुख: सिंधुदुर्गाभोवती खडक आहेत, काही पाण्याखाली. ऊन डोक्यावर असताना पोचा, म्हणजे पाण्याचा रंग बघून खडक ओळखता येतो, आणि स्थानिक मच्छिमाराला पुढे घ्या. नांगराला किमान १० मीटर साखळी लावा, नुसता दोर खडकावर घासून तुटतो. एकूण लांबी भरतीच्या खोलीच्या पाचपट. पुढे वेंगुर्ला रॉक्सच्या बाहेरूनच जा. रेडिओवर व्हीएचएफ १६ हा संकटकाळाचा चॅनल चालू राहू द्या. तटरक्षक दलाचा नंबर १५५४.