मदत हवी आहे: आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) हेलिकॉप्टरचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर आपोआप लागू होणारी सेटिंग) नीट कसा तपासायचा?

मंडळी, ४५० साइजचं इलेक्ट्रिक फ्लायबारलेस (रोटरवर स्थिरतेचा दांडा नसलेलं) हेली आहे, रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा. मुख्य आणि शेपटीची पाती काढून, मोटर चालू ठेवून ट्रान्समीटर बंद केला. थ्रॉटल शून्यावर गेला, मोटर थांबली. इथवर ठीक. पिच (मुख्य पात्यांचा कोन) मात्र शेवटच्या जागीच अडकून राहतो. हवेत असं झालं तर मोटर बंद आणि पिच पॉझिटिव्ह, म्हणजे रोटरचा वेग झटक्यात संपणार ना? (हेली वाचेल ही आशा नाहीच, कुणाच्या डोक्यात पडू नये एवढंच.) पिच शून्य अंशावर सेट करावा की होल्डच (शेवटच्या जागीच ठेवणं) बरा? शिवाय सिग्नल परत आल्यावर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) सॉफ्ट स्टार्ट (हळूहळू वेग वाढवणं) न घेता एकदम फुल स्पीड धरतो का, हे पाती न लावता कसं तपासता?