सेंट अँड्र्यूजचा अकरावा ग्रीन खाली उतरवला, ते योग्य होतं का?

खारा_वारा (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. 2012-13 च्या हिवाळ्यात स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर मैदान-रचनाकार मार्टिन हॉट्री यांच्या आराखड्याप्रमाणे काम झालं. सतराव्या होलचा रोड बंकर (वाळूचा खड्डा) उजवीकडे अर्धा मीटर रुंद केला, सातव्या फेअरवेतला (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या पट्ट्यातला) खळगा भरला. पण सर्वांत जास्त खटकतं ते अकराव्याचं. ग्रीनची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीची, मागची डावी बाजू खाली उतरवली, का तर तिथे पिन (होलमधला झेंडा) लावता यावी म्हणून. आता 2027 च्या ओपन स्पर्धेसाठी सहा होल्सना मागे नवे टी (पहिला फटका मारायच्या जागा) येताहेत आणि एकूण लांबी 132 यार्डांनी वाढून 7,445 होते आहे.

टी मागे नेण्याला माझी हरकत नाही, उद्या पुढेही आणता येतात. जमिनीचा उतार एकदा गेला की गेला. तो कोपरा न खोदता वाचवता आला नसता का?

पातं_न_पातं:
आला असता. ग्रीनचा वेग कमी ठेवला असता तर.

वेग मोजायची स्टिम्पमीटरची पट्टी 36 इंची असते, त्यात 30 इंचांवर खाच. साधारण 20 अंश उचलली की चेंडू खाचेतून सुटतो. सपाट जागेवर तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने सोडायचे आणि सरासरी घ्यायची. दोन दिशांत दीड फुटाहून जास्त फरक आला तर जागा सपाट नाही, आकडा टाकून द्यायचा.

आता उताराशी गणित जोडा. स्टिम्प, म्हणजे चेंडू धावला ते सरासरी फूट, 6.5 असेल तर साधारण 12 टक्के उतारापर्यंत चेंडू थांबू शकतो. 10 ला हीच मर्यादा 8 टक्क्यांवर येते आणि 13 ला 6 वर. ही झाली निव्वळ थांबण्याची मर्यादा, तीही वारा नसताना. पिन लावायची तर भोवतीच्या तीन फुटांत 3 टक्क्यांपेक्षा जास्त उतार नको, नाहीतर वरून केलेला हलका पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) होल चुकला की थेट खाली घरंगळतो. म्हणजे अकराव्याची जमीन होती तिथेच होती, गवत कापायची उंची खाली आली आणि कोपरा निकामी झाला.

शिवाय हा ग्रीन ईडन नदीच्या मुखाशी अगदी उघड्यावर. 2015 च्या ओपनमध्ये शनिवारी वाऱ्याने चेंडू आपोआप हलू लागले आणि खेळ दहा तासांहून जास्त थांबला. ग्रीन खाली उतरवल्यानंतरची ही गोष्ट. माझं मत स्पष्ट आहे: या एका ग्रीनसाठी सगळ्या कोर्सचा वेग फूटभर कमी ठेवा. ते यंत्राची पाती वर करून एका आठवड्यात होतं आणि एका आठवड्यात परतही फिरवता येतं.

यार्ड_बुक:
लांबीबद्दल थोडं. 2000 साली कोर्स 7,115 यार्डांचा होता, टायगर वूड्स 19 अंडरवर (ठरलेल्या फटक्यांपेक्षा 19 कमी) जिंकला. 2022 मध्ये 7,313 यार्ड, कॅमरन स्मिथ 20 अंडर. जवळजवळ दोनशे यार्ड वाढवून काय साधलं? 2010 मध्ये सतराव्याचा टी 455 वरून 495 वर नेला, तोही जुन्या हद्दीपलीकडे. त्याच वर्षी रोरी मॅकिलरॉयने पहिल्या दिवशी 63 मारले आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटल्यावर 80. कोर्सही तोच, टीही तेच.

तरी सतराव्याचा टी मला पटतो. तिथे दुसरा फटका पुन्हा लांब लोखंडी क्लबने मारावा लागतो, आणि रस्त्याला लागून असलेला तो अरुंद ग्रीन त्याच फटक्यासाठी आहे. वेजने (जवळून चेंडू उंच उडवायच्या क्लबने) मारलेला चेंडू तिथे सहज थांबतो, मग रोड बंकरची भीती कुणाला?

मातीतला:
खारा_वारा, उतार गेला म्हणता, पण कुठला उतार मूळ? 1764 पर्यंत ओल्ड कोर्स 22 होल्सचा होता. अठरावा ग्रीन ओल्ड टॉम मॉरिस यांनी बांधला. आणि माणसाने हात लावला नाही तरी जमीन बदलतेच. बंकरमधल्या प्रत्येक फटक्याबरोबर थोडी वाळू काठावर जाऊन बसते. काही दशकांत काठ चढतो, ग्रीनचा कडेचा भाग बंकरपासून उलटा कलतो आणि पूर्वी आत घरंगळणारे चेंडू बाहेरच थांबतात.

रचलेल्या बंकरच्या भिंतीही अशाच. हिरवळीचे तुकडे एकावर एक, प्रत्येक थर किंचित मागे, मागून माती ठोकून भरायची. काही वर्षांत भिंत सुकून ढासळते, दक्षिणेकडे तोंड असेल तर लवकर. प्रत्येक वेळी नवी रचताना रेघ वीतभर इकडेतिकडे होतेच. त्यामुळे रोड बंकरच्या अर्ध्या मीटरवर मी भांडणार नाही. अकराव्यावर भांडेन.

खारा_वारा:
हे वाळूचं पटलं. मग साचलेली वाळू काढणं आणि उतार बदलणं यांतला फरक ओळखायचा कसा?

मातीतला:
नळीने माती काढून. काठापासून ग्रीनच्या आतपर्यंत दर मीटरला एक नमुना. उडालेली वाळू फिकट आणि सैल असते, तिच्याखाली जुन्या मुळांचा काळपट थर लागतो. तो थर म्हणजे जुनी जमीन, त्याच्याखाली खणायचं नाही.

आधी मीटरच्या चौकटीत उंची नोंदवून घ्या. मग हिरवळ दीड इंच जाडीने सोलून क्रमाने ठेवा, वरची वाळू काढा, हलकं तुडवून घ्या आणि तीच हिरवळ परत बसवा. बाहेरची आणली तर गवताची जात बदलते आणि त्या ठिगळावर चेंडूचा वेगही. काम हिवाळ्यातच संपवा, कारण वसंतात कोरडा पूर्वेचा वारा सुटला की मुळं न धरलेले सांधे उघडे पडतात. नीट तुडवलं नाही तर वर्षभरात तिथे खोलगट बसतं आणि पाणी साचतं.

अकराव्याच्या मागच्या कोपऱ्याला बंकर लागून नाही. तिथे उडालेल्या वाळूचं कारण देताच येत नाही.