मदत हवी आहे: ‘कार्निव्होरा’ मराठीत कसं लिहू?

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातल्या आमच्या शाळेत वन्यजीव सप्ताहासाठी मुलांबरोबर तक्ते करतेय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीय.

लॅटिनमध्ये ‘कार्निस’ म्हणजे मांसाचं आणि ‘व्होरारे’ म्हणजे अधाशासारखं गिळणं. त्यावरून आलेल्या ‘कार्निव्होर’ला ‘मांसाहारी’ सरळ चालतं. पण ‘कार्निव्होरा’ हे सस्तन प्राण्यांच्या एका गणाचं नाव आहे आणि तिथे आहारापेक्षा वंश महत्त्वाचा. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, मुंगूस त्यात येतात. वाळवी, मध, फळं खाणारं अस्वलही त्यातच, आणि बांबूवर जगणारा पांडासुद्धा! उलट आपल्या कृष्णेतली मगर मांसावर जगते, पण ती सरपटणारी, म्हणून गणाबाहेर. मुलांनी तिचं चित्र हौसेनं वाघाशेजारी चिकटवलंय. काढायला सांगताना कारण त्यांना पटेल असं सांगायचंय. गणाचं मूळ लक्षण दातांत आहे: वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीसारखी मांस कापते.

‘प्रिडेटर’चं मूळ वेगळंच, ‘प्राएदा’ म्हणजे लूट. त्याला ‘भक्षक’ म्हणू की ‘शिकारी’? शिकारी म्हटलं की पोरांना बंदूकवाला माणूस दिसतो. ‘श्वापद’ मला फार आवडतो, पण पाचवीला जड जाईल.

जीवशास्त्र मराठीतून शिकवणाऱ्यांनी गणासाठी कोणता शब्द वापरता ते कृपया सांगा. शिराळा-चांदोलीकडे, धनगरवाड्यांवर या सगळ्या जनावरांना मिळून एखादा शब्द असेल तर तोही हवाय. तक्ते शुक्रवारी लावायचेत.